नावलौकिक पाहावा, पण कोणाच्या तोंडचा?

आपली लेक येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात जात आहे आणि ‘पहिल्या तीन हाउसपैकी (म्हणजे तिथल्या सोरोरिट्यांपैकी) एखादे मिळाले तरच सोरोरिटीत, म्हणजे सदस्य निवडून घेणाऱ्या विद्यार्थिनी-संघटनेत, जा’ असे तेथील सीनियर मुलींनी तिला बजावले आहे, तेव्हा नावलौकिकाला किती महत्त्व द्यावे, असे आपण विचारले आहे. मी स्वतः सोरोरिटीची सदस्य होते व नंतर काही वर्षे एका चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या एका विद्यापीठातील शाखेची, सल्लागार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावलौकिक जरूर पाहावा. मात्र तो कोणाच्या तोंडचा आहे, हे आधी पाहावे. ‘टॉप हाउस’ ही क्रमवारी कोणी अधिकृतपणे ठरवत नाही. ती फ्रॅटर्निटीतल्या, म्हणजे मुलांच्या तशाच संघटनांतल्या, मुलांच्या गप्पांतून आणि निनावी शेरेबाजीतून तयार होते, आणि तिच्यात दिसण्याला व पार्ट्यांना सर्वाधिक वजन असते. शिवाय नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिट्यांच्या महासंघातील २६ सोरोरिट्यांपैकी एखादीचा चॅप्टर एका विद्यापीठात नावाजलेला, तर शेजारच्या राज्यात जेमतेम तग धरून असतो.

जुने नाव म्हणजे चांगले वर्तन, असेही नाही. अलाबामा विद्यापीठातील परंपरेने श्वेतवर्णीय असलेल्या सोरोरिट्यांनी उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला डावलल्याचे २०१३ साली तिथल्या विद्यार्थी-वृत्तपत्राने उघडकीस आणले, आणि आतल्या काही मुली तिला घ्यायला तयार असताना माजी सदस्यांनी अडवले, हेही त्यातून समोर आले. आपल्या मुलींनी हे ठाऊक ठेवूनच त्या दारात जावे.

ज्या लौकिकाला खरी किंमत द्यावी, तो नोंदीत सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्यानुसार, हेझिंगबद्दल, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळाबद्दल, दोषी ठरलेल्या विद्यार्थी-संघटनांची माहिती विद्यापीठांना प्रसिद्ध करावी लागते. ती आपण दोघींनी बसून वाचावी. मग तिने तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या सदस्येला सरळ विचारावे की तुझ्याबरोबर आलेल्यांपैकी किती जणी अजून टिकून आहेत, आणि सोडून गेलेल्या का गेल्या. या प्रश्नावर मुली कशा बोलतात, यावरून हाउसचा स्वभाव कळतो.

क्रमवारीच्या नादाचे नुकसान मी जवळून पाहिले आहे. निवडीच्या काळात मुली हाउसना फेरीफेरीने भेटी देतात. शेवटच्या फेरीनंतर मुलीला आपला पसंतीक्रम नोंदवून करारावर सही करावी लागते. एका मुलीने त्या फेरीला बोलावलेल्या दोन हाउसपैकी नावाजलेले एकच लिहिले, आमचे लिहिलेच नाही. बिड डेला, म्हणजे सदस्यत्वाचे निमंत्रण (बिड) हाती पडते त्या दिवशी, बाकीच्या मुली लिफाफे फोडून हिरवळीवरून धावत सुटल्या तेव्हा ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून होती, कारण त्या हाउसने तिला घेतले नव्हते. आमच्या मुलींना ती मनापासून हवी होती. पण तिने नंतर येऊन विचारले तेव्हा आमच्या जागा भरल्या होत्या. मला आजही त्याची हळहळ वाटते.

याउलट, बिड आल्यावर ती नाकारली तर त्या विद्यापीठात पुढच्या वर्षीच्या मुख्य निवडीपर्यंत या २६ पैकी दुसरीत जाता येत नाही. म्हणून जिथे राहण्याची मनापासून तयारी आहे, अशी सर्व नावे लिहावीत, आणि जिथे नाही तिथले नाव कितीही मोठे असले तरी लिहू नये. १९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात सुरू झालेल्या डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिट्यांचा प्रवेश वेगळा चालतो. तिच्या विद्यापीठात अशी एखादी असेल तर तिथेही भेट द्यावी.

आणि दर फेरीनंतर, सीनियर मुलींचे मेसेज उघडण्याआधी, आपण कोणाशी काय बोललो हे तिने वहीत लिहून ठेवावे. पसंतीक्रम भरताना तीच वही समोर असू द्यावी.