देवदाराचा वास की जुन्या बियांची चव?

प्रश्न : पाकिटावर ‘देवदार आणि चॉकलेट’ असं लिहिलेली सुमात्राची कॉफी मला फार आवडली होती. त्याच रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, पुन्हा मागवली, तर या वेळी आईस्क्रीमची काडी चोखल्यासारखी कोरडी लागते. भाजल्याची तारीख अगदी ताजी आहे. हाच का तो देवदार?

उत्तर : नाही. तुमची जीभ बरोबर सांगतेय. माझा संशय कच्च्या, म्हणजे अजून न भाजलेल्या, बियांवर आहे. भाजल्याची तारीख ताजी असली, तरी बी आदल्या हंगामातली असू शकते आणि ते पाकिटावर बहुतेक वेळा छापलेलंच नसतं.

कच्च्या बीत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. ती उष्ण जागी किंवा कमी-जास्त होणाऱ्या दमटपणात पडून राहिली, की आतल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडेशन होतं, आंबटपणा आणि गोडवा उतरतो, मागे उरतो तो नुसता लाकडी कोरडेपणा. कॉफीच्या चवी गटागटाने मांडणाऱ्या चक्रावर, म्हणजे २०१६ साली सुधारलेल्या फ्लेवर व्हीलवर, ‘वुडी’ (लाकडी) ही चव शिळी, पुठ्ठ्यासारखी, कागदासारखी यांच्याच शेजारी बसवली आहे, ती याचमुळे. कपिंगच्या, म्हणजे कॉफी चाखून गुण देण्याच्या, टेबलावर असा कप आला, की मी त्याचे गुण कापते.

देवदार वेगळा. तो आधी नाकाला कळतो आणि त्याच्याबरोबर गोडवा असतो. सुमात्रात बी पुरती वाळायच्या आधी, ओली असतानाच तिचं टरफल काढतात. तिथे या पद्धतीला ‘गिलिंग बासाह’ म्हणतात. तिथल्या कॉफीचा जडपणा, मातकट-लाकडी वास बराचसा त्यातूनच येतो. तो दोष मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. मला ही कॉफी मनापासून आवडते.

घरी पडताळून बघा. ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, १५० मिली पाणी, तापमान ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटांनी वर तरंगणाऱ्या पुडीची साय चमच्याने मोडा, फेस काढून टाका. गरम असताना एक घोट घ्या, मग कप कोमट होऊ द्या आणि पुन्हा घ्या. खरी परीक्षा या दुसऱ्या घोटाची. चांगल्या कॉफीत गोडवा तेव्हा जास्त उघडतो. जुन्या बीची कॉफी कोमट झाली, की लाकूडच पुढे येतं आणि जीभ कोरडी पडते.

पाकिटातले दाणेही ताटलीत पसरून बघा. भाजूनही फिकट राहिलेले दाणे दिसले, तर ते कच्च्या फळांचे. त्यांना क्वेकर म्हणतात, आणि थोडेसेच असले तरी कपात कागदी चव उतरते. ते वेचून पुन्हा कॉफी करा. फरक पडला नाही, तर दळण किंवा पाणी बदलत बसू नका. रोस्टरला या लॉटचा हंगाम कुठला, ते सरळ विचारा. दुसरं पाकीट मागायलाही संकोच नको.