मॉडेल उघडण्याआधी तलावाच्या पाळीवर बस

भाऊ, तलावातला गाळ काढायचा आराखडा लॅपटॉपवरच, पाण्याच्या हिशेबाचं मॉडेल चालवून, पुरा केलास म्हणे! भंडारा-गोंदियाचा मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे नुसतं भांडं नव्हे. एक हेक्टर तळ एक मीटर खोदला की साठा 10,000 घनमीटरनं वाढतो, हे मॉडेल बरोबरच सांगते. पण तो साठा तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, तळाखाली असला, तर धानाच्या बांधीत आपसूक थेंबही जात नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मात्र नेमकं तेच पाणी हवं. उन्हाळ्यात मासोळी तिथंच जगते. म्हणून धानवाले आणि ढिवर, दोघांना वेगवेगळं भेट. ग्रामसभेत ढिवरांच्या बाया तोंड उघडत नाहीत, त्यांना पाण्याकाठीच गाठ. मी इथंच चुकलो होतो. सगळा तळ सरसकट खरवडला, कमळकंद गेला, दोन वर्षं शिव्या खाल्ल्या.

सलंग, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, कोणत्या साली वाहिली, हे म्हाताऱ्यांना विचार. मॉडेल दरवर्षी वाहताना दाखवत असेल तर बहुतेक झिरपा कमी धरलास, नाहीतर येवा (तलावात येणारं पाणी) जास्त. मग तीन पर्याय चालव: नुसती तुडुमदुरुस्ती, मधोमध डोह, किंवा दोन्ही. आलेख कोणी पाहत नाही, पाळीवर चुन्याची रेघ मारून दाखव, "मार्चात पाणी इथं."

तलावातली बेशरमाची झुडपं उपटणं कोणत्याच मॉडेलात येत नाही. ते पावसाआधी उरकून घे.