‘बाबा मदत घेत नाहीत, त्यांना झालंय तरी काय?’

वादळ, पूर, दरड, काहीही झालं की थोड्या दिवसांत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतोच. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा शहरात असते. गावाकडचं घर पडलेलं असतं, मदतीला माणसं दारात उभी असतात आणि घरातलं मोठं माणूस त्यांना परत पाठवत असतं. त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. या काकांचं घर त्याच तालुक्यात, कौलारू. अर्धं छप्पर उडालं, वासे मोडले, मागच्या दहा गुंठ्यांच्या वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. वीज गेलेली आणि पाऊस तोंडावर. मुंबईतल्या मुलाने धडपड करून एका स्वयंसेवी गटाला गाठलं. पत्रे आले, सोबत काम येणारी पोरंही आली. काकांनी पत्रे अंगणात उतरवून घेतले, पण छपराला कुणाला हात लावू दिला नाही. ‘बाहेरची माणसं, कोरोना आणतील,’ एवढंच म्हणाले.

तेव्हा ती भीती खोटी नव्हती, गावोगाव बाहेरच्यांना अडवतच होते. पण विजेचे खांब उभे करायला आलेल्या माणसांना याच काकांनी ओटीवर बसवून चहा पाजला होता. हे मला काकूंकडून कळलं.

मुलाला वाटत होतं, बाबांना डिप्रेशन आलंय. फोन लागायला लागल्यावर मी आधी तेच तपासलं. झोप लागते का, जेवण जातं का, जगण्यावरचं मन उडालंय का? झोप मोडत होती, बाकी माणूस ठीक होता. चिडलेला होता, आणि त्याला कारण होतं.

पोरं आली त्या दिवशी त्यांनी आधी फलक लावला. ‘काका, पत्र्याला हात लावून उभे राहा, फोटो पाठवायचाय.’ मग वाडीत शिरून आडवी झाडं कापायला घेतली. त्यात एक जायफळ होतं, मुळांसकट कललेलं, पण मेलेलं नव्हतं. उभं करून बुंध्याला माती चढवली तर ते जगेल, असा काकांचा हिशेब होता. त्यांना कुणी विचारलंच नाही. पोरांचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसे देणारे फोटो मागतात आणि यादीत पुढची घरं थांबलेली असतात.

‘अख्ख्या आळीच्या शाकारणीला जन्मभर गेलो मी,’ काका म्हणाले. शाकारणी म्हणजे पावसाआधी छपराची कौलं नीट करणं. ‘आता ही पोरं मलाच विचारतात, काका, किट मिळालं का?’

मी विचारलं, ‘तुम्ही शाकारणीला जायचात तेव्हा काम कुणाच्या सांगण्यावरून व्हायचं?’

‘घरवाल्याच्या. घर त्याचं ना!’

‘आणि जेवण?’

‘तेही त्याच्याकडेच. विचारायचं काय त्यात?’

मग मी गटाच्या प्रमुख मुलीशी बोलले. फोटो नको, फलक नको, कुठून सुरुवात करायची ते काका सांगतील आणि दुपारचं जेवण काकूंकडे. जेवणाला ती तयार नव्हती. नुकसान झालेल्या घरी जेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. नियम चांगल्या मनाने केलेला, पण इथे तोच आड येत होता. अंगणात, अंतर ठेवून बसायचं, यावर तडजोड झाली.

पोरं पुन्हा आली. पत्रे पडवीवर आणि गोठ्यावर टाका, माजघर कौलांचंच राहील, असं काकांनी सांगितलं. पडलेल्या ढिगातून धड कौलं ते स्वतः निवडत बसले. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं केलं. गटाने या घरासाठी एक दिवस धरला होता, दोन लागले. म्हणजे पुढचं कुणाचं तरी घर एक दिवस जास्त भिजलं. ही किंमत लहान नाही आणि प्रत्येक वेळी ती परवडेलच असंही नाही. पण माणसाला दोन प्रश्न विचारायला एक दिवस लागत नाही.

म्हणून फोन करणाऱ्यांना सांगते, ‘घ्या हो, लाज कसली त्यात’ असं म्हणू नका. त्याने माणूस आणखी आक्रसतो. ‘आधी काय वाचवायचं, तुम्हीच सांगा’ असं विचारा आणि छपराचे निर्णय मुंबईतून घेऊ नका. मात्र आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण सुटलंय, दारू वाढलीय किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द येतायत, तर तो स्वाभिमानाचा प्रश्न समजून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आता आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

छप्पर झालं, वाडीचं दुःख तसंच राहिलं. बागायतीची सरकारी मदत हेक्टरी 50,000 रुपये केल्याचं जाहीर झालं, तेव्हा काकांनी तोंडी हिशेब केला: दहा गुंठ्यांचे 5,000. नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं. त्यांनी साठी केव्हाच ओलांडलेली. ‘लावू कुणासाठी?’ हा प्रश्न त्यांनी मला विचारला, पण त्याचं उत्तर मुलाकडे होतं. पुढच्या फोनला मी मुलालाही सोबत घेतलं. तो गावी परतणार नाही, हे त्याने त्या दिवशी बाबांना पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं. काकांनी ते शांतपणे ऐकलं. मग कमी रोपं घ्यायची, असं दोघांच्या बोलण्यात ठरलं.