शीर्षकांचं नंतर बघा, आधी नावांची यादी लेखी घ्या

मॅन्युअलमध्ये प्रॉडक्टचं नाव तीन तऱ्हेनं आलंय, शीर्षकांत कुठली अक्षरं कॅपिटल ठेवायची ते ठरत नाही आणि मार्केटिंगवाले रोज नवं सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. या सगळ्यातून मी गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शीर्षकांचा प्रश्न लवकर सुटतो. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल सेंटेन्स केस (फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटलनं) वापरा म्हणतात, ॲपलच्या शीर्षकांत टायटल केस (बहुतेक शब्द कॅपिटलनं) असते. कुठलीही एक धरा आणि त्यावर पुन्हा मीटिंग घेऊ नका. माझं मत सेंटेन्स केसच्या बाजूनं, कारण तिच्यात प्रॉडक्टचं नाव चटकन ओळखू येतं. मॅकओएस (macOS, ॲपलच्या मॅक कंप्युटरची सिस्टिम), एनपीएम (npm, प्रोग्रामरचं एक टूल) अशी स्मॉल अक्षरानं सुरू होणारी नावं शीर्षकात पहिली येणार नाहीत, अशी वाक्यरचना करा.

खरं दुखणं नावांचं. आमच्या एका क्लायंटच्या ब्रँड विभागानं ऐन रिलीजच्या तोंडावर नाव बदललं, तेही फोनवर. लेखी मागितलं तर म्हणे लीगलकडून येईल. ते कधीच आलं नाही. मग त्यांच्याच माणसानं सगळ्या फायलींवर सरसकट फाइंड-रिप्लेस चालवलं. कमांडमधलं, फोल्डरच्या पाथमधलं, कॉन्फिग फाइलमधलं नावही बदललं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते जुनंच होतं. ग्राहक मॅन्युअलमधली कमांड जशीच्या तशी चिकटवायचे आणि ‘कमांड सापडली नाही’ असा एरर यायचा. तक्रारी सगळ्या आमच्या टीमच्या माथी. त्या विभागानं शेवटपर्यंत एका ओळीचा मेल केला नाही, याचा अजून राग येतो.

हे नीट करता येतं. मायक्रोसॉफ्टनं 2023 मध्ये अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या लॉगिन सांभाळणाऱ्या क्लाउड सेवेचं नाव मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी केलं, तेव्हा ते कुठे बदलायचं नाही हेही सांगितलं: एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची सोय), यूआरएल, पॉवरशेल या टूलच्या कमांड जुन्याच. विंडोज सर्व्हरमधली ॲक्टिव्ह डिरेक्टरी तर वेगळंच प्रॉडक्ट, तिला हात लावायचा नाही. जुन्या आवृत्त्यांचंही तेच. ॲपलच्या 2016 च्या सिएरा आवृत्तीपासून मॅकओएस म्हणायचं, पण त्याआधीची एल कॅपिटन आवृत्ती ओएस एक्सच राहते.

म्हणून साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक नावापुढे अधिकृत रूप, छोटं रूप चालतं का, कमांडमध्ये ते कसं आहे, कुठल्या आवृत्तीपासून लागू आणि मंजुरी कुणाची. मंजुरीचा रकाना रिकामा असेल तर जुनंच नाव ठेवा आणि तसं मेलवर कळवून टाका. फोनवरचा निरोप धरू नका, समोरचा कितीही वरचा असो.

जाता जाता: व्हेल (Vale) नावाचं मोफत टूल, तुमची यादी दिली की, चुकीची नावं पकडून देतं आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) फायलींमधले कोड ब्लॉक आपणहून वगळतं. मराठी आवृत्तीही काढणार असाल तर तिथे कॅपिटलचा आधार नाही, बटणांची आणि स्क्रीनची नावं ठळक करा. ट्रेडमार्कचं चिन्ह कुठे लावायचं ते मात्र तुमच्या वकिलांना विचारा, माझा अनुभव लेखनापुरताच आहे.