जेसीबी बोलावण्याआधी मोजणी करा

जुळे सोलापुरात प्लॉट घेतलात, छान झालं. पण पाया खणायची घाई करू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द जमिनीवर नेमकी कुठून जाते ते कळत नाही. मोजणीला शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर खुणा दाखवतात आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. खुणा रोवल्या की लगेच फोटो काढून ठेवा. जुन्या तारेच्या कुंपणावर अजिबात विसंबू नका. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 33 फुटांच्या बाजूला तार दीड फूट आत असली, तरी जवळपास 50 चौरस फूट गेले!

मग खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, कोपरे आणि लेव्हल (जमिनीचा उंचसखलपणा) घ्या. बेंचमार्क, म्हणजे सगळ्या उंची जिच्यावरून मोजतात ती पक्की खूण, काम संपेपर्यंत हलणार नाही अशा जागी हवा, खड्ड्याच्या काठावरची खुंटी नको. जोत्याची उंची त्यावरूनच ठरते. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून लोक उताराकडे बघतच नाहीत, आणि परतीच्या एका जोरदार पावसात अंगणात तळं होतं.

मातीचं तर विचारूच नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते त्याच नकाशावर लिहून घ्या आणि पायाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला दाखवा. चुन्याने आखणी झाली की चौकोनाचे दोन्ही कर्ण स्वतः टेप धरून मोजा. सारखे आले नाहीत, तर खोदाई थांबवा.