फ्रान्समधल्या ल्योंला दोनच दिवस असतील तर

सगळं उरकायच्या मागे लागू नका. फूर्व्हिएर टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जा, बॅसिलिका (मोठं चर्च) आणि रोमन नाट्यगृह बघून पायी उतरा. चढायच्या फंदात पडलात तर गुडघे बोलतील. खाली जुन्या ल्योंमध्ये ‘त्राबूल’ शोधा, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ. तिथे माणसं राहतात, तेव्हा हळू बोला.

पण सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंचं म्युझियम अजिबात चुकवू नका. मेट्रोची डी लाइन, मोंप्लेझिर-ल्युमिएर स्टेशन. त्यांनी आपल्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार १८९५ साली कॅमेऱ्यात टिपले, ती शेड तिथेच आहे. आणि याच भावांची हलती चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत, वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती! सोमवारी मात्र हे म्युझियम बंद असतं. ललित कला संग्रहालय मंगळवारी बंद.