वहीत आधीचा अर्धा तास लिही

प्रिय भाऊ,

परवा ओट्यावर बसून तू म्हणालास, "काका, टेन्शन आहे म्हणून गांजा ओढतो की ओढतो म्हणून टेन्शन आहे, हेच कळेनासं झालंय." मी आवाज चढवला. नंतर रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

एक वही कर. ओढण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं, तेवढं लिही. निकाल, घरचा फोन, खोलीभाडं, जे असेल ते.

मी लिहिलं नाही. रावेरकडे पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येतं, तसं एका वर्षी आलं आणि कापणीला आलेली केळी आडवी झाली. आबा चिखलात उभे राहून पडलेले घड मोजत होते, आणि मी मोटारीच्या खोलीमागे चिलीम भरत होतो. दुःख विसरायला म्हणून ओढायचो. संध्याकाळी ते जसंच्या तसं परत यायचं, फक्त दोन दमांचे चार झाले.

तू म्हणालास, तीन दिवस सोडला तर वेड लागायची पाळी आली, म्हणजे मला गरजच आहे. अरे, रोज ओढणाऱ्याने सोडला की चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडाच सगळ्यात वाईट. पुढे बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत उतरतं. तू ऐन चढावर माघारी फिरलास. वहीत तारीख असती तर कळलं असतं!

तुझी काकू म्हणते, पोराला वही काय देता, डॉक्टरकडे न्या. बरोबर आहे तिचं. १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत, रात्री-अपरात्रीसुद्धा. कानात आवाज यायला लागले किंवा सगळ्यांवर संशय यायला लागला तर वही बाजूला ठेव, थेट डॉक्टर गाठ. पोलिसांची भीती असेल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम ६४अ आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मालाच्या प्रकरणात, खटल्यातून सूट मिळू शकते. माझ्या वेळी असा नंबर नव्हता. असता तरी मी केला नसता, नऊ वर्षं कुणाला तोंड उघडून सांगितलं नाही. पण वहीचा हट्ट मी सोडणार नाही. डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतील: कधी, कशावरून?

रविवारी ये. बामणोदची वांगी आणलीत, भरीत आणि कळण्याची भाकरी करू. वही आण, एकच ओळ असली तरी.

तुझा काका